कर्बाचे वितळणे आणि गणिताची साक्ष



कामगार संघटनेच्या कार्यकर्त्याच्या तोंडी आजचा विषय थोडा परका वाटेल. कर्बाचे, म्हणजे शाळेच्या पुस्तकात ज्याला आता कार्बन म्हणतात त्याचे, अतिसूक्ष्म कण तापवले असता त्यांचे काय होते, आणि ते गणकयंत्रावर आकडेमोड करून कसे ताडून पाहतात, हा तो विषय. मी पदार्थविज्ञानाचा पदवीधर नाही. जे शिकलो ते वाचनालयात बसून आणि जाणत्यांना विचारून शिकलो. परंतु ज्यांच्या पगाराचा एक हिस्सा कोणीतरी कोठेतरी केलेल्या हिशेबावरून ठरतो, अशा माणसांत माझे आयुष्य गेले आहे. हिशेब कशावर उभा असतो आणि तो कसा तपासावा, हे कळणे त्यांना अगत्याचे असते. कर्बाच्या वितळण्याची हकिगत या प्रश्नाचे फार बोलके उदाहरण आहे, म्हणून ती येथे सांगतो.

कापूर आणि काजळी

देवघरातला कापूर सर्वांच्या ओळखीचा आहे. डबीचे झाकण सैल राहिले तर वडी दिवसेंदिवस झिजत जाते, पण डबीच्या तळाशी पाणी म्हणून काही सापडत नाही. घनाचा थेट वायू होतो. तोच कापूर पेटवला आणि ज्योतीवर ताटली धरली, तर ताटलीला काजळी लागते. ही काजळी म्हणजे बहुतांशी कर्ब होय.

आता गंमत अशी की कर्बाची वागणूकही कापरासारखीच आहे. पेन्सिलीतले ग्रॅफाइट हा कर्बाचा एक अवतार आणि हिरा हा दुसरा. हवा लागू न देता हिरा सुमारे १७०० अंश सेल्सिअसच्या वर तापवला, तर तो वितळत नाही. त्याचे ग्रॅफाइट होते. ग्रॅफाइट आणखी तापवले, तर साध्या हवेच्या दाबाखाली तेही वितळत नाही. साडेतीन हजार अंशांच्या पलीकडे त्याची सरळ वाफ होते. द्रवरूप कर्ब पाहायचा असेल, तर हवेच्या सुमारे शंभरपट दाब द्यावा लागतो.

या दोन अवतारांत गेल्या चाळीस वर्षांत आणखी काहींची भर पडली. १९८५ साली क्रोटो, कर्ल आणि स्मॉली यांना साठ अणूंचा, फुटबॉलसारखा पोकळ गोल सापडला. त्याबद्दल १९९६ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. १९९१ साली जपानच्या इजिमा यांनी कर्बाच्या अतिसूक्ष्म नळ्या दाखवून दिल्या. २००४ साली गाइम आणि नोव्होसेलोव्ह यांनी ग्रॅफाइटचा एकच अणू जाडीचा पापुद्रा वेगळा काढला. त्याला ग्राफीन म्हणतात, आणि त्याचे नोबेल २०१० साली दिले गेले. या वस्तू नॅनोमीटरने मोजतात. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर.

हे सारे परदेशातच घडते असे समजू नये. मुंबईच्या आय. आय. टी. मध्ये प्रा. महेश्वर शेरॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कापरापासूनच कर्बाचे असे सूक्ष्म प्रकार तयार केले. पुढे आपल्या सोलापुरात वालचंद कला व शास्त्र महाविद्यालयात नॅनो तंत्रज्ञानाचे संशोधन केंद्र उभे राहिले, त्यातही त्यांचा वाटा होता. तेव्हा काजळीचे शास्त्र आपल्या गावाच्या वेशीच्या आत येऊन गेलेले आहे.

मूसच कोळशाची

मग प्रश्न साधा आहे. लोखंड किती अंशांना वितळते हे सांगता येते, सोने १०६४ अंशांना वितळते हे सराफ सांगतो. तसा कर्बाचा आकडा सांगा! परंतु हा आकडा शंभरांहून अधिक वर्षे वादात आहे. निरनिराळ्या प्रयोगांची उत्तरे एकमेकांपासून हजार-हजार अंशांनी दूर पडली आहेत.

कारण समजण्यासारखे आहे. पदार्थ वितळवायचा तर तो कशात तरी ठेवावा लागतो. धातूंमध्ये सर्वांत उशिरा वितळणारा टंगस्टन, तोही ३४२२ अंशांना पाणी होतो. कर्ब त्याच्याही पलीकडचा. जेथे अतिशय उष्णता सोसायची असते तेथे कारखान्यात मूस वापरतात ती ग्रॅफाइटची. ज्याला वितळवायचे त्याच्याच मुशीत त्याला कसे वितळवणार? म्हणून प्रयोग करणारे विजेचा किंवा लेसर किरणांचा एक झटका देतात आणि नमुना उडून जाण्याच्या आत, क्षणाच्याही लहानशा अंशात, माप घेतात. अशा घाईत घेतलेल्या मापात फरक पडणारच. आणि हे झाले हातात धरता येईल एवढ्या तुकड्याचे. साठ अणूंच्या गोलाला चिमट्यात धरून त्याचे रूप पालटताना पाहणे त्याहून किती कठीण असेल, याची कल्पना करावी. येथे गणिताला साक्षीला बोलावावे लागते.

एकटा अणू वितळत नाही

गणिताकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट मनात पक्की केली पाहिजे. घन, द्रव आणि वायू या अवस्था अणूच्या नव्हेत, त्या अणूंच्या समुदायाच्या आहेत. बर्फाच्या एका रेणूला तो बर्फ आहे की पाणी आहे असे विचारले, तर त्याला उत्तर देता येणार नाही. शेजाऱ्यांनी जागा धरून ठेवल्या आहेत की सोडल्या आहेत, यावर ते अवलंबून आहे. घनामध्येही अणू स्वस्थ नसतो. जागच्या जागी तो थरथरत असतो. उष्णता वाढली की थरथर वाढते. लिंडमन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९१० साली एक ठोकताळा बांधला: दोन शेजाऱ्यांमधील अंतराच्या सुमारे एक दशांशापर्यंत ही थरथर पोचली की जागा टिकत नाहीत आणि पदार्थ वितळतो.

आता समुदाय लहान केला तर काय होईल? या मांडवातच पाहा. मध्यभागी बसलेल्याला चारही बाजूंनी शेजारी आहेत. त्याला उठून जाणे अवघड. कडेला बसलेला मात्र केव्हाही उठू शकतो. मोठ्या सभेत कडेची माणसे थोडी, म्हणून सभा टिकते. दहा माणसांच्या बैठकीत जवळजवळ सगळेच कडेचे! अणूंचे तसेच आहे. सोन्याच्या लगडीत पृष्ठभागावरचे अणू नगण्य असतात, पण काही नॅनोमीटरच्या कणात त्यांचेच बहुमत असते. म्हणून असा कण १०६४ अंशांची वाट पाहत नाही. ब्युफा आणि बोरेल यांनी १९७६ साली प्रसिद्ध केलेल्या मापनांत असे कण शेकडो अंश आधीच वितळताना आढळले.

कर्बातही कडेचा हा प्रभाव दिसतो. स्फोटातून तयार होणारे सुमारे पाच नॅनोमीटरचे हिऱ्याचे कण निर्वातात तापवले, तर हजार अंशांच्या पुढेच त्यांचा बाहेरचा थर पालटू लागतो. एकाच्या आत एक असे ग्रॅफाइटचे पापुद्रे तयार होत जातात. शास्त्रज्ञांनी त्याला नावही ‘कर्बाचा कांदा’ असेच दिले आहे. आपल्या बाजार समितीत कांद्याच्या गाड्या पाहणाऱ्या सोलापूरकरांना ते चित्र समजावून सांगण्याची गरज नाही. एवढे लक्षात ठेवावे, की येथे घनातून द्रव झाला नाही, एका घनातून दुसरा घन झाला. आणि सुरुवात कडेकडून झाली.

गणकयंत्रात भट्टी कशी पेटवतात

आता मुख्य गोष्ट. गणकयंत्रात, म्हणजे कॉम्प्युटरमध्ये, कोळसाही नसतो आणि जाळही नसतो. असतात ते आकडे. समजा साठ अणू घेतले. प्रत्येकाची जागा आणि वेग मांडून ठेवायचा. मग प्रत्येक अणूवर त्याचे शेजारी किती जोर लावतात ते काढायचे. जोर कळला की न्यूटनच्या नियमाने तो अणू पुढच्या निमिषात कोठे जाईल ते कळते. सर्वांना तेवढे सरकवायचे आणि पुन्हा पहिल्यापासून हिशेब करायचा. तापवायचे म्हणजे अणूंचे वेग वाढवायचे. उष्णतामान म्हणजे शेवटी या धावपळीचेच माप आहे.

हे निमिष किती लहान? एका सेकंदाचे शंभर कोटी भाग करा. त्यातल्या एका भागाचे पुन्हा दहा लाख भाग करा. त्यातला एक भाग म्हणजे एक पाऊल. याहून मोठे पाऊल टाकले तर अणूची थरथर हिशेबातून निसटते. दहा लाख पावले टाकावी, तेव्हा सेकंदाचा शंभर कोटीवा भाग सरतो. एवढी आकडेमोड माणसाच्या हातून होणे शक्य नाही, म्हणून हे शास्त्र गणकयंत्राबरोबरच जन्मले. १९५७ साली अमेरिकेत आल्डर आणि वेनराइट यांनी टणक गोळ्यांच्या समुदायावर हा हिशेब करून, एकमेकांना न ओढणारे गोळेसुद्धा दाटीमुळे शिस्तीत उभे राहतात, असे दाखवले. १९६४ साली अनीसुर रहमान यांनी ८६४ अणूंचा द्रवरूप आर्गॉन अशाच रीतीने गणितात उतरवला. हे रहमान जन्माने हैदराबादचे, म्हणजे आपल्या शेजारचे. आज जगभर त्यांना या पद्धतीचे एक जनक मानतात.

येथे मर्म कोठे आहे? बेरीज-वजाबाकी यंत्र चुकत नाही. मर्म आहे ते ‘शेजारी किती जोर लावतात’ या एका ओळीत. हा जोर ठरवण्याचे दोन मार्ग आहेत. एक, आधीच बांधलेला नियम वापरायचा: दोन अणू इतके जवळ आले तर इतकी ओढ, तीन शेजारी असतील तर अशी, चार असतील तर तशी. हा मार्ग वेगाचा. यात हजारो अणू घेता येतात. दुसरा मार्ग, प्रत्येक पावलाला अणूंमधल्या इलेक्ट्रॉनांचे गणित नव्याने सोडवायचे. हा अधिक विश्वासाचा, पण फार खर्चिक. म्हणून थोडेच अणू घेता येतात.

पहिल्या मार्गातला धोका कामगारांना लगेच कळेल. सोलापूरच्या कामगारांचा राहणीखर्चाचा निर्देशांक १९२७-२८ हे मूळ वर्ष धरून निघत असे. आजही औद्योगिक कामगारांच्या निर्देशांकात सोलापूर हे एक केंद्र आहे आणि मूळ वर्ष २०१६ आहे. निर्देशांक काढताना काय करतात? कामगाराच्या घरात ज्वारी किती, तेल किती, कापड किती, भाडे किती, याची एक टोपली ठरवतात आणि मग तिची किंमत काढतात. टोपली जुनी झाली किंवा तिच्यात एखादी वस्तू कमी धरली, तर बेरीज तंतोतंत बरोबर येऊनही महागाई भत्ता कमी पडतो. जुन्या मालिकेची नवीशी सांगड घालतानाही चूक शिरते; मुंबईच्या निर्देशांकाविषयी असाच ओरडा झाला, तेव्हा १९६३ साली महाराष्ट्र सरकारला लकडावाला समिती नेमावी लागली आणि आकड्यात दुरुस्ती सुचवली गेली. अणूंमधील जोराचा नियम ही गणकयंत्राची टोपली आहे, असे समजावे.

चादर उसवते

आता या गणिताने काय दाखवले ते पाहू. आकडे केल्विनमध्ये सांगतो; त्यातून २७३ वजा केले की आपले सेल्सिअस मिळते.

१९९४ साली किम आणि टोमानेक यांनी वीस, साठ आणि दोनशे चाळीस अणूंचे पोकळ गोल गणकयंत्रात तापवले. साठ अणूंच्या गोलाला कडच नाही, प्रत्येक अणूला तीन शेजारी घट्ट बांधलेले. त्यामुळे तो बराच काळ नुसता डळमळत राहतो, फुगवलेला चेंडू दाबावा तसा वाकडातिकडा होतो, पण एकही बंध सोडत नाही. ४००० केल्विनच्या सुमारास पिंजरा उघडतो. आधी वेटोळी तयार होतात, मग एकमेकांत गुंतलेल्या साखळ्या, आणि अखेर तुकडे उडू लागतात. घन आणि वायू यांच्या मध्ये अशा कितीतरी पायऱ्या निघाल्या, ज्यांना आपल्या रोजच्या भाषेत नाव नाही.

ग्राफीनचे वितळणे तर विणकरांच्या या गावाला आपलेच वाटावे. ग्राफीन म्हणजे षटकोनांची विणलेली चादर. २०११ साली झाखारचेंको, फासोलिनो, लॉस आणि कात्सनेल्सन या शास्त्रज्ञांनी तिचे वितळणे गणितात पाहिले. तापवता तापवता एखादा बंध नव्वद अंशांत फिरतो; त्याबरोबर शेजारचे षटकोन मोडून पंचकोन आणि सप्तकोन होतात. विणीतली गाठ चुकावी तसे. अशा चुकल्या गाठी एके जागी जमल्या की तेथून चादर उसवू लागते. आणि पाण्यासारखा द्रव होत नाही. कर्बाच्या लांब साखळ्या एकमेकांत गुंतून पडतात. हिऱ्यात अणूला चार शेजारी, चादरीत तीन, साखळीत दोन. उष्णतेने शेजार एकेक करून सुटत जातो, आणि कापडाचे पुन्हा सूत होते.

पुण्याचा दाखला

अशी मोजदाद आपल्या महाराष्ट्रातही झाली आहे. ती कर्बावर नव्हती, गॅलियम या धातूवर होती. पण पद्धत तीच, आणि तीही दुसऱ्या, खर्चिक मार्गाची. गॅलियम २९.८ अंश सेल्सिअसला वितळतो. सोलापूरच्या वैशाखात तो खिशात पाण्यासारखा होईल. लहान कण लवकर वितळतात, हा नियम आपण आत्ताच पाहिला. तेव्हा गॅलियमचे दहा-वीस अणू त्याहून आधी वितळावेत. परंतु अमेरिकेत जॅरॉल्ड यांच्या प्रयोगशाळेने २००३ साली उलटेच जाहीर केले: सतरा अणूंचा पुंज या बिंदूच्या कितीतरी वर तापवूनही वितळल्याची खूण देईना!

पुणे विद्यापीठातील प्रा. दिलीप कान्हेरे, त्यांचे सहकारी चाको व कविता जोशी, आणि फ्रान्समधील ब्लंडेल यांनी या कोड्याला हात घातला. इलेक्ट्रॉनांचे गणित करीत त्यांनी तेरा आणि सतरा अणूंचे पुंज तापवले. २००४ साली त्यांनी उत्तर प्रसिद्ध केले: सतरांचा पुंज सुमारे ६५० केल्विनला, तेरांचा सुमारे १४०० केल्विनला वितळतो, म्हणजे धातूच्या ३०३ केल्विनच्या खूप वर. कारण असे, की समुदाय लहान होताच अणूंमधील नात्याची जातच बदलते. मोठ्या गोळ्यात ते नाते काहीसे धातूचे, सैल असते. पुंजात अणू शेजाऱ्याशी नेमके आणि पक्के जोडले जातात. कडेचे असूनही ते सुटत नाहीत. चार अणूंच्या फरकाने साडेसातशे अंशांचा फरक पडतो, हेही ध्यानात घ्यावे. मोठ्या गोळ्याप्रमाणे येथे वितळण्याचा एकच नेमका बिंदूही नसतो. उष्णता शोषण्याच्या आलेखावर एक पसरट उंचवटा दिसतो, आणि त्याच्या माथ्यावरून आकडा वाचतात.

या दाखल्यात मला महत्त्वाची वाटते ती कामाची वाटणी. प्रयोगाने कोडे घातले, गणिताने कारण सुचवले. मोजलेली गोष्ट समोर होती म्हणून गणिताला दिशा मिळाली. आणि प्रयोगाला जे अणूंच्या आत दिसत नव्हते ते गणिताने दाखवले.

साक्षीची उलटतपासणी

आता कर्बाकडे परत येऊ. तेथे समोर ठेवायला मापच वादग्रस्त. मग गणितावर विश्वास ठेवायचा किती? या प्रश्नाचे उत्तर त्या ग्राफीनवाल्यांनीच आपल्या वागणुकीने दिले आहे. २०११ साली त्यांनी चादरीचा वितळबिंदू सुमारे ४९०० केल्विन सांगितला. २०१५ साली त्यांच्याच मंडळींनी, अणूंमधील जोराचा तोच नियम ठेवून, तो ४५१० केल्विनवर आणला. चार वर्षांत जवळजवळ चारशे अंश उतरले!

असे का झाले? गणकयंत्रातली चादर निर्दोष असते आणि तिला कड नसते. उजवीकडून बाहेर गेलेली वीण डावीकडून आत येते असे धरलेले असते. शिवाय वेळ किती थोडा! सेकंदाच्या शंभर कोटीव्या भागात हजार अंश चढवायचे म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी अंशांचा वेग झाला. वितळायला कोठेतरी उसवण्याचे पहिले बीज पडावे लागते, आणि बीज पडायला सवड लागते. ती मिळाली नाही, तर पदार्थ वितळबिंदू ओलांडूनही घनच राहतो आणि आकडा फुगतो. पुढच्या कामात या बीजाचा हिशेब धरला, तेव्हा आकडा उतरला. आणि तोच नियम ग्रॅफाइटला लावला, तर ग्रॅफाइट त्याहून सुमारे २५० अंश आधी वितळते असे निघाले.

काही लोक म्हणतील, आकडा बदलतो तर हे शास्त्र कसले? मी म्हणतो, बदलता आला म्हणूनच ते शास्त्र. त्यांनी नियम कोणता धरला, चादर केवढी घेतली, किती वेळ तापवली, हे सारे छापून उघड केले होते. कोणालाही तो हिशेब पुन्हा करून पाहता येत होता. तो त्यांनी स्वतःच पुन्हा केला. जो हिशेब आपली टोपली लपवतो, त्याची दुरुस्ती मात्र कधीच होत नाही.

पूर्वी असे गणित परदेशी यंत्रांवरच होई. पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने १९९१ साली ‘परम ८०००’ हे महागणकयंत्र उभे केले. २०१९ साली पुण्याच्याच आयसर संस्थेत ‘परम ब्रह्म’ बसले. यंत्रे आता घरची आहेत. पुढच्या पिढीतली आपली मुले-मुली त्यांवर काम करतील, बॅटरीतल्या ग्रॅफाइटपासून विमानाच्या ब्रेकपर्यंत कर्बाच्या अनेक उपयोगांचे हिशेब मांडतील. आणि गणकयंत्राने काढलेले आकडे आपल्या घरातही येत राहतील: कधी भत्त्याचे, कधी कामाच्या कोट्याचे, कधी भट्टीजवळ किती वेळ उभे राहणे सुरक्षित आहे याचे.

असा आकडा समोर आला की यंत्राला नमस्कार करून गप्प बसू नये, आणि ‘सगळे थोतांड’ म्हणून उठूनही जाऊ नये. चार प्रश्न विचारावेत. टोपलीत काय धरले? किती जणांवरून काढले? किती काळ पाहिले? आणि प्रत्यक्ष मोजमापाशी कोठे ताडून पाहिले? कर्बाच्या अणूंविषयी हे प्रश्न विचारणारे लोक जगात आहेत, आणि उत्तरे देणारेही आहेत. माणसांविषयीच्या आकड्यांना तेच प्रश्न विचारण्याचा अधिकार या मांडवात बसलेल्या प्रत्येकाला आहे.